बडीशेपेच्या देठातला विस्तव

ग्रीक फायर कसं बनवायचं ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. हे एकदा दिवाळी अंकात छापून येऊ दे, म्हणजे निदान मराठी माणसं तरी माझा पिच्छा सोडतील.

मी ॲरिझोनातल्या एका विद्यापीठात प्राचीन ग्रीक भाषा शिकवायचे. आता रिटायर झाले. मूळची नागपूरची, संस्कृत घेऊन एम.ए. केलं, लग्न होऊन चँडलरला आले. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. त्याच्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती, म्हणून वेळ घालवायला ग्रीकच्या वर्गात जाऊन बसले आणि तिथेच अडकले. इथल्या मराठी मंडळींना हे अजूनही पचलेलं नाही. "ग्रीक? म्हणजे कॉम्प्युटरची लँग्वेज का?" असं मला एका चांगल्या शिकल्यासवरल्या गृहस्थांनी गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत विचारलं होतं.

त्यातून माझा खास विषय आग. ग्रीक भाषेत आगीला शब्द किती, पुराणात ती कुणी कुणाकडून चोरली, लढाईत तिचा वापर कसा झाला, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात या धंद्यात निम्मा जन्म लोकांचे गैरसमज निस्तरण्यात जातो.

ग्रीक फायरचंच घ्या. पाण्यावरही जळणारी आग, जहाजावरच्या नळीतून शत्रूवर फवारायची. ती बनवणारे लोक कॉन्स्टँटिनोपलचे, माझ्या प्राचीन ग्रीकांच्या कितीतरी शतकं नंतरचे, आणि स्वतःला ग्रीक नव्हे, रोमन म्हणवणारे. ते तिला समुद्रातली आग म्हणायचे. 'ग्रीक' हे नाव परक्यांनी दिलेलं. आणि कृती इतकी गुप्त ठेवली की शेवटी त्यांचे तेच विसरले! हे सगळं मी सांता क्लाराच्या एका गेम कंपनीतल्या मुलाला फोनवर घसा फोडून सांगितलं. मराठीच पोरगा, पुण्याचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सुपर, मॅडम. पण अंदाजे रेसिपी? म्हणजे राळ किती, पेट्रोल किती? काय आहे ना, प्लेयरला ते क्राफ्ट करता यायला पाहिजे." मी फोन ठेवून दिला.

दुसरा एक बॅटरीवाला. त्याला कंपनीला प्रोमेथियसचं नाव द्यायचं होतं आणि लोगोखाली एखादं ग्रीक वाक्य हवं होतं. प्रोमेथियस म्हणजे देवांची आग चोरून माणसांना देणारा. मी विचारलं, "पुढे त्याचं काय झालं माहितीये ना? त्याला खडकाला जखडलं आणि गरुड रोज येऊन त्याचं यकृत खायचा. इन्व्हेस्टरना सांगितलंत का हे?"

"तो पार्ट आपण स्किप करू," तो म्हणाला.

विद्यार्थ्यांचीही वेगळी तऱ्हा नव्हती. त्यांना लढाईतली आग पाहिजे. डेलियम नावाच्या ठिकाणी एका फौजेनं लांबलचक ओंडका उभा चिरला, आतून पोखरला, परत जोडून त्याची नळी केली. एका टोकाला भाते, दुसऱ्या टोकाला साखळ्यांनी टांगलेली कढई, तिच्यात निखारे, गंधक आणि डांबर. भाते दाबले की आगीचा लोळ थेट समोरच्या लाकडी तटबंदीवर. हे सांगायला लागले की मागच्या बाकावर झोपलेली पोरंसुद्धा टक्क जागी व्हायची. आणि हेस्टियाबद्दल बोलायला लागले की फोन बाहेर निघायचे. हेस्टिया ही चुलीची देवी. कुणाशी भांडण नाही, लफडं नाही, चोरी नाही. घराच्या मधोमध बसून राहते आणि घर धरून ठेवते. माझ्या अख्ख्या नोकरीत एकानंही तिच्यावर निबंध लिहिला नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण त्या लोकांचं सगळं जगणं त्या चुलीभोवती होतं. गाव सोडून दूर नवीन वस्ती करायला निघाले, तर आधी गावाच्या चुलीतला विस्तव घ्यायचे आणि मग बोटीत चढायचे. नव्या गावातली पहिली चूल त्या विस्तवावर पेटायची.

तो कसा न्यायचे, हे वर्गात करून दाखवायची मला फार हौस. प्रोमेथियसनं आग नेली ती एका देठात लपवून. बडीशेपेच्या जातीचं, पण माणसापेक्षा उंच वाढणारं झाड आहे, त्याच्या वाळलेल्या देठात. त्याच्या आत पांढरा, हलका गाभा असतो. तो एका टोकाला पेटवला की ज्योत होत नाही, आतल्या आत धुमसत, मुंगीच्या पावलानं पुढे सरकतो. बाहेरची साल जळत नाही, हाताला चटका बसत नाही. ग्रीक बेटांवरचे खलाशी अगदी अलीकडच्या काळापर्यंत असाच विस्तव एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेत. म्हणून मी हौसेनं घरामागे ती झाडं लावली. त्यांना देठ धरायला काही वर्षं लागली. आणि देठ वाळून हातात आल्यावर आमच्या सेफ्टी ऑफिसरनं काय सांगावं? वर्गात काहीही पेटवायचं नाही. मी म्हटलं, अहो, विषयच आग आहे! तो म्हणाला, "व्हिडिओ दाखवा." देठ गॅरेजमध्ये पडले, आणि श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, दर वीकेंडला विचारायला लागला की हा कचरा कधी टाकायचा.

रिटायर झाल्यावर इथल्या मराठी मंडळानं माझं भाषण ठेवलं. 'ग्रीक संस्कृती आणि अग्नी'. समोशांच्या आधी चाळीस मिनिटं. भाषण संपायच्या आत एक काका उठले. प्रोमेथियस हा आपल्या 'प्रमंथ' या शब्दावरून आला, प्रमंथ म्हणजे लाकडाच्या अरणीत आग काढायला घुसळायची काठी, तेव्हा ग्रीकांनी हे सगळं आपल्याकडून उचललं, हे मॅडमनी का सांगितलं नाही? मी सांगितलं की ही कल्पना जुनी आहे, युरोपातल्याच पंडितांनी मांडली होती, आज बहुतेकांना ती पटत नाही. "पण व्हॉट्सॲपवर तर..." काका म्हणाले. पुढचा सगळा वेळ त्यात गेला. मी कपाळावर हात मारून घेतला. मनात म्हटलं, वैजयंतीबाई, घरी बसा, गुलाबजाम करा.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून इंदूकाकूंनी हात वर केला. इंदूकाकू म्हणजे डॉक्टर इंदुमती. मूळच्या अमरावतीच्या, खूप आधी अमेरिकेत आलेल्या, आयुष्यभर हॉस्पिटलात भूल द्यायचं काम केलं. तोंडानं फटकळ, देवाधर्माचं नावही न काढणाऱ्या. त्यांनी एकच विचारलं, "नवीन गावाला विस्तव पोचेपर्यंत तो विझला नाही, याची खात्री कशी करायचे?"

इतक्या वर्षांत मला विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मी खूश होऊन देठाचं सगळं सांगितलं. गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात हजर. "वैजू, मला तो देठ पाहिजे. घर विकलंय. पुढच्या आठवड्यात निखिलकडे जायचंय, पार उत्तरेला, बेलव्ह्यूला. अण्णांचा दिवा न्यायचाय."

अण्णा म्हणजे काकूंचे यजमान. इथलं घर घेतलं त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक लहानसा पितळी नंदादीप लावला आणि तो कधी विझू दिला नाही. रोज सकाळी कॉफीच्या आधी तेल घालायचे, वात संपत आली की जुन्या वातीवर नवी पेटवायचे. काकू तिकडे ढुंकून बघायच्या नाहीत. "एक दिवस घर जाळशील तू," असं ओरडायच्या मात्र. अण्णा गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दिव्यात तेल घातलं. कुणाला काही सांगितलं नाही. तेव्हापासून रोज घालत आल्या. त्यांचा गुडघा गेला, दोनदा पडल्या, आता एकटीनं राहणं जमणार नव्हतं. म्हणजे दिवा एक तर कुणीतरी फुंकणार, नाहीतर तो काकूंबरोबर जाणार. तिसरा मार्ग नव्हता.

मुलगा, निखिल, फोनवर वैतागलेला. काकूंनी स्पीकर लावला होता. "आई, सीरियसली? फायर इज फायर. केमिकल रिॲक्शन आहे ती. तू विमानानं ये, इकडे आपण नवीन लावू. आणि आमच्याकडे सगळं इलेक्ट्रिक आहे, स्मोक अलार्म माझ्या फोनला कनेक्टेड आहे. मी ऑलरेडी एक एलईडीचा दिवा ऑर्डर केलाय."

"तो तू तुझ्या टॉयलेटात लाव," काकू म्हणाल्या आणि फोन कट केला.

मग आमच्या घरी बैठका. श्रीरंगचं म्हणणं, कंदील घ्या, संपला विषय. काकूंना कंदील नको. रॉकेल भरलेला कंदील गाडीत कलंडला की गाडीसकट आपणही गेलो, आणि बंद गाडीत ज्योत जळत ठेवायची म्हणजे काय ते मी डॉक्टरनं तुला समजावायला हवं का, असं त्यांनी त्याला सुनावलं. "धुमसणारा विस्तवही विषारीच असतो," असंही त्याच दमात म्हणाल्या. मग ठरलं असं: आम्ही दोघांनी काकूंना गाडीनं पोचवायचं, मागची काच पूर्ण उघडी, गाडीत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म, आणि प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. देठाच्या जोडीला झाकणाची लोखंडी कढई, तिच्यात राख. थांबायची वेळ आली की निखारा राखेत पुरायचा. हे काकूंना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्या आजोळी चुलीतला विस्तव असाच झाकून ठेवत आणि शेजारीण सकाळी पळी घेऊन तो मागायला येई.

निघायच्या दिवशी सकाळी काकूंनी दिव्याच्या ज्योतीवर देठाचं टोक धरलं. मी वर्गात आयुष्यभर ज्याचं चित्र दाखवलं, ते माझ्यासमोर घडत होतं. गाभा लाल झाला, एक बारीक धुराची रेघ वर आली. मला भरून आलं. काकू म्हणाल्या, "रडू नकोस, त्यावर पाणी पडेल." दिव्यात तेल त्यांनी मुद्दामच भरलं नव्हतं. ज्योत बारीक होत गेली आणि आपसूक गेली. काकूंनी रिकामा दिवा टिपला, टॉवेलात गुंडाळला, पर्समध्ये टाकला.

प्रवासाचं काय सांगू! मागच्या सीटवर काकू हातात देठ धरून ताठ बसलेल्या, बाजूला मी राखेची कढई मांडीत घेऊन, पुढे श्रीरंग दर दहा मिनिटांनी "चालू आहे ना?" विचारणारा. काच उघडी, एसी लावून उपयोग नाही, ॲरिझोनाचं ऊन थेट आत. अर्ध्या तासानं काकू सगळ्यांची बोटं तपासायच्या. "श्रीरंग, तुझं शहाण्णव. खोल श्वास घे." तो खोल श्वास घ्यायचा आणि धूर नाकात जाऊन खोकायचा.

कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर गाड्या थांबवून विचारतात, फळं, झाडं, बिया काही आहेत का. आमच्याकडे देठांचा भारा. इन्स्पेक्टर आला, एक देठ उलटसुलट करून बघितला. "बिया आहेत?" नाहीत. "कीड?" मी म्हटलं, अहो, वाळलेलं आहे. मग त्याचं लक्ष काकूंच्या हातातल्या देठाकडे गेलं. "हे पेटलेलं आहे?"

"हो," काकू म्हणाल्या.

त्यानं क्षणभर विचार केला. "मग त्यातले किडे मेलेच असतील," असं म्हणून जायला सांगितलं.

मोटेलवाल्यांनी मात्र छळलं. धूम्रपान निषिद्ध खोलीत निखारा नेणं अशक्य, म्हणून कढई पार्किंगमध्ये, आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून आम्ही पाळीपाळीनं पहाऱ्यावर. श्रीरंग म्हणाला, "चिप फॅक्टरीत एवढ्या शिफ्ट केल्या, पण असली शिफ्ट नाही केली." पाठ मोडली, डोळे चुरचुरायला लागले, केसांना धुराचा वास. पण सकाळी राख बाजूला केली की आत लाल डोळा असायचा. काकू नवा देठ त्यावर धरायच्या, हलकेच फुंकायच्या आणि तो पेटला की तेवढ्यापुरतं त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरायचा. ते बघितलं की माझी सगळी चिडचिड गळून पडायची. गाडीत बसलं की परत सुरू.

ओरेगनमध्ये शिरलो आणि आभाळ तपकिरी झालं. आधी मला वाटलं ढग. मग राख काचेवर पडायला लागली. डोंगरात वणवा लागला होता, हायवेचा एक भाग बंद होता, सगळ्यांना आडवाटेनं वळवत होते. समोरून गाड्यांची रांग येत होती. गाड्यांच्या टपावर गाद्या, ट्रेलरमध्ये घोडे, एका पिकअपमध्ये फक्त एक म्हातारा आणि त्याच्या मांडीवर टीव्ही. पोरं काचेला नाक लावून बसलेली. श्रीरंगनं मागची काच अर्धी वर केली.

नाक्यावर एक अग्निशामक बाई गाड्या थांबवत होती. वय असेल निखिलएवढं. चेहरा काजळलेला, डोळे लाल. तिनं खिडकीतून आत बघितलं आणि तिचं लक्ष देठाच्या टोकावरच्या धुराकडे गेलं. "मॅम. ते पेटलेलं आहे?"

झालं! इथे या भागात साधी शेगडी पेटवायला बंदी, आणि आम्ही विस्तव मांडीवर घेऊन बसलेलो. माझं तोंड सुटलं. ही साधी आग नव्हे, ग्रीक लोक वस्ती करायला जाताना, प्रोमेथियस, बडीशेप, नंदादीप, यांचे यजमान, असं मी भराभर सांगत सुटले. ती ऐकत उभी होती. ती बहुधा ऐकतही नव्हती, फक्त उभी होती. शेवटी तिनं काकूंना विचारलं, "तुमच्या नवऱ्याचा?"

"हो."

"माझ्या आईचं घर काल गेलं," ती म्हणाली. "फोटोसुद्धा काढता आले नाहीत." मग कढईकडे बोट दाखवलं. "त्यात ठेवा, झाकण घट्ट लावा आणि सरळ निघून जा. उघडू नका. मी काही बघितलं नाही."

आम्ही सुटलो होतो. मी काकूंच्या हातातून देठ घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही. दार उघडलं, गुडघ्यावर हात देऊन कशाबशा खाली उतरल्या.

"काकू, कुठे चाललात?"

"बाटली दे पाण्याची."

"अहो काकू, ती जा म्हणतेय! एवढी राखण केली आपण, माझी पाठ मोडलीय, याची फुफ्फुसं गेली, आता उरलंय किती?" मी अक्षरशः ओरडले. मला रडू फुटलं होतं ते रागाचं होतं.

काकूंनी बाटली माझ्या हातातून ओढून घेतली. "वैजू, त्या पोरीच्या आईचं घर जळलं, आणि ती मला म्हणते, तुमची आग सांभाळून न्या. लाज वाटली मला. माझा नवरा असा नव्हता. त्यानं स्वतः विझवला असता."

देठ जमिनीवर आडवा धरून त्यांनी हळूहळू पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, थोडी पांढरी वाफ आली. मग कढईतल्या राखेतही ओतलं आणि देठानंच ढवळलं, परत ओतलं, कुठे काही उरू नये म्हणून. ती अग्निशामक बाईही खाली बसली आणि तिनं हातमोजा काढून राख चाचपून पाहिली. थंड आहे म्हणाली.

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ मोठ्यानं, इंग्रजीत सांगितली. हॉस्पिटलात पेशंट गेल्यावर सांगतात तशी. मला आधी कळलं नाही. मग म्हणाल्या, "अण्णांच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरनं सांगितली होती. मी तिथेच उभी होते, पण मी त्यांना म्हटलं, परत तपासा." एवढं बोलून गाडीत बसल्या आणि सीटबेल्ट लावला.

धूर मागे पडला तेव्हा काकूंनीच विचारलं, "तुझे ग्रीक काय म्हणतात यावर?"

मी चिडलेलीच होते. पण मास्तरीण ती मास्तरीण. लेम्नोस नावाचं बेट होतं, मी सांगितलं. तिथले लोक वर्षातून एकदा सगळ्या घरांतली आग स्वतःच विझवायचे. चूल नाही, दिवा नाही, थंड खायचं, गेलेल्या माणसांची आठवण करायची. मग दुसऱ्या बेटावरून बोट नवीन विस्तव घेऊन यायची. बोट लवकर आली तर किनाऱ्याला लागू द्यायचे नाहीत, समुद्रात थांबवून ठेवायचे. दिवस भरले की विस्तव घराघरात वाटायचा आणि म्हणायचं, इथून पुढे नवीन आयुष्य.

"म्हणजे जुनाच विस्तव नाही?"

"नाही. नवीन."

"हं," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे भाषणात का नाही सांगितलंस?"

"प्रमंथवाल्या काकांनी वेळ खाल्ला," मी म्हटलं. श्रीरंग हसला. काकूही हसल्या, थोड्या.

बेलव्ह्यूला पोचलो तर निखिल अंगणातच उभा. आम्ही त्याला काही कळवलं नव्हतं. काकूंनी कळवू दिलं नव्हतं. गाडी थांबताच त्यानं मागचं दार उघडलं. "आई, सावकाश, गिव्ह इट टू मी. मी सगळं रेडी केलंय. अलार्म काढून ठेवलाय, खाली वाळूचा ट्रे केलाय, नेबर्सनाही सांगितलंय." त्यानं दोन्ही हात पुढे केले होते, ओंजळीसारखे. "कुठंय?"

"विझवला," काकू म्हणाल्या.

"काय?"

"मी विझवला, निखिल. रस्त्यात. वणवा होता तिथे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, श्रीरंगकडे पाहिलं. "तू विझवलास? व्हाय वुड यू डू दॅट? तू म्हणालीस आणतेस! बाबांचा होता तो!" आणि हा फायर इज फायर म्हणणारा, केमिकल रिॲक्शनवाला पोरगा पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. अण्णा गेले तेव्हा तो आला होता, सगळ्यांना पाणी देत, फोन घेत फिरत होता. त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं. काकूंनीही पाहिलं नसावं. त्या त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, "आगपेटी आण."

"घरात नाहीये. पेटवायचं असं काहीच नाहीये घरात."

"मग विकत आण. जा."

तो उठला आणि पायात नुसते मोजे असताना गाडीकडे निघाला. श्रीरंगनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "रडतोयस तू. मी चालवतो," म्हणाला. दोघं गेले.

काकू तशाच पायरीवर बसलेल्या. पर्समधून टॉवेलात गुंडाळलेला दिवा काढला, मांडीवर ठेवला, मग हॉस्पिटलातल्यासारखी कापसाची गुंडाळी काढली. "आत्तापर्यंत अण्णांनी वळून ठेवलेल्या वाती पुरवत आले," त्या म्हणाल्या. "मला येत नाही. त्या संपल्या गं परवा. दाखव मला कशी वळतात."

मी त्यांच्याशेजारी बसले. कापूस पिंजून दाखवला, तळहातावर ओढून दाखवला. काकू डॉक्टर, हात केवढे सफाईदार, पण पहिली वात अगदीच बोजड झाली. मी ती सोडवून कापूस परत त्यांच्या हातात दिला.

"पुन्हा," म्हटलं.